मोटारीतील मोबाईल : विजेचे गणित आणि माहितीची जोखीम

इंदूरच्या शाखेत बदली होऊन आल्यानंतरची ही गोष्ट. नाशिकला घरी मंगलकार्य होते. स्वतःची मोटार नव्हती, म्हणून स्वतः चालवण्याच्या अटीवर एक मोटार भाड्याने घेतली आणि वडिलांना सोबत घेऊन पहाटेच निघाले. रस्ता नवखा असल्याने मोबाईलवर नकाशा लावला होता आणि तो मोबाईल मोटारीच्या यूएसबी जोडणीला केबलने जोडून ठेवला होता. निघताना बॅटरी साठ टक्के भरलेली होती. सेंधवा मागे पडले, बिजासनचा घाट उतरला, आणि धुळ्याला चहासाठी थांबलो तेव्हा ती पस्तीस टक्क्यांवर आलेली होती.

"अगं, केबल तर सारा वेळ लावलेली आहे. मग बॅटरी भरायची सोडून उतरते कशी?" बाबांनी विचारले. त्यांचे सारे आयुष्य हिशेबाच्या वह्यांत गेलेले. न जुळणारी शिल्लक त्यांना स्वस्थ बसू देत नाही.

कारण शोधण्यासाठी मी मोटारीच्या पडद्यावरील सेटिंग उघडले. कारण काही तेथे सापडले नाही, पण दुसरेच काही दिसले. यापूर्वी ती मोटार नेणाऱ्या सात जणांच्या मोबाईलची नावे तेथे ओळीने उभी होती. त्यांपैकी एकाची तर संपर्कसूचीही उघडत होती. त्यात 'आई' होती, 'डॉक्टर' होते आणि 'बँक मॅनेजर'ही होते. बाबा म्हणाले, "माणसं उतरून गेली, पण त्यांची नावं गाडीतच राहिली की!"

शाखेत वाहनकर्जाचे काम पाहताना नव्या मोटारीचा आनंद रोज पाहावयास मिळतो. मोटार हाती आली की मोबाईल तिच्याशी जोडून देण्याचा कार्यक्रम विक्रेत्याच्या दारातच पार पडतो. परंतु त्या एका केबलमधून दोन निरनिराळ्या गोष्टी वाहू शकतात, वीज आणि माहिती, याची जाणीव फार थोड्यांना असते. या दोहोंचा विचार स्वतंत्रपणे केला पाहिजे, हेच प्रस्तुत लेखाचे प्रयोजन होय.

जमा आणि खर्च

प्रथम विजेचे पाहू. बहुतेक सर्व मोटारींत १२ व्होल्टची बॅटरी असते. विजेवर चालणाऱ्या मोटारींतही दिवे, पडदा आदींसाठी बहुधा अशी निराळी बॅटरी ठेवलेली असते. ट्रक व मोठ्या बसमध्ये ही विद्युत्प्रणाली २४ व्होल्टची असते. डॅशबोर्डखालील गोल खोबण मुळात सिगारेट पेटवण्याच्या लायटरसाठी होती. पुढे तिचा उपयोग इतर उपकरणांना वीज देण्यासाठी होऊ लागला.

यूएसबी ही जोडणी १९९६ मध्ये संगणकासाठी आली. तिचा मूळ हेतू माहितीची देवाणघेवाण हा होता. वीज पुरवणे हे दुय्यम काम. तिचा दाब ५ व्होल्ट, आणि यूएसबी २.० या श्रेणीत मिळणारा प्रवाह अर्धा अँपिअर. व्होल्ट आणि अँपिअर यांचा गुणाकार म्हणजे वॅट. म्हणजे हाती येतात अवघे अडीच वॅट. जुन्या व साध्या धाटणीच्या अनेक मोटारींतील यूएसबी जोडणी याच प्रकारची असते. ती गाणी वाजवण्यासाठी बसवलेली असते.

आता खर्चाची बाजू पाहा. नकाशा चालू, पडदा उन्हात दिसावा म्हणून प्रखर, इंटरनेट सुरू आणि उपग्रहांशी संपर्क अखंड. इतकी कामे एकाच वेळी करणारा मोबाईल तीन ते चार वॅट वीज सहज वापरू शकतो. घाटात नेटवर्क क्षीण झाले की ते शोधण्याचा खर्च आणखी वाढतो. जमा अडीच आणि खर्च साडेतीन असेल तर शिल्लक घटणारच. धुळ्याच्या चहाच्या टेबलावर हा हिशेब मांडला तेव्हा कुठे बाबांचे समाधान झाले.

उपाय सोपा आहे. १२ व्होल्टच्या खोबणीत बसणारा चांगल्या प्रतीचा चार्जर घ्यावा. टाइप-सी जोडणी साध्या ५ व्होल्टच्या दाबावरही ३ अँपिअरपर्यंत, म्हणजे १५ वॅट देऊ शकते. 'पॉवर डिलिव्हरी' हे मानक पाळणारे चार्जर त्याहून अधिक देतात. त्यांत वीज सुरू होण्यापूर्वी चार्जर आणि मोबाईल यांच्यात एक प्रकारची बोलणी होते: किती दाब देता येईल, किती घेता येईल. दोघांना मान्य होईल तेवढीच वीज वाहते. त्यामुळे अधिक वॅटचा चार्जर लावल्यास मोबाईल जळेल, ही भीती प्रमाणित चार्जरच्या बाबतीत अनाठायी आहे. मात्र काही कंपन्यांची शीघ्र चार्जिंगची पद्धत त्यांची स्वतःचीच असते. तिचा पूर्ण लाभ त्यांच्याच चार्जरवर व केबलवर मिळतो.

केबलकडेही दुर्लक्ष नको. बारीक तारांची, सैल झालेली स्वस्त केबल वाटेतच वीज खर्ची घालते आणि तापते. तसेच खोबणीवर दोन-तीन उपकरणांचा जोड लावताना फ्यूजचे भान ठेवावे. अनेक मोटारींत या खोबणीची मर्यादा १२० वॅटच्या आसपास असते. आपल्या मोटारीचा आकडा पुस्तिकेत पाहावा. टायरमध्ये हवा भरणारा पंप आणि मोबाईल एकाच जोडावर लावणे म्हणजे फ्यूज उडण्यास निमंत्रण होय.

मोटारीची बॅटरी उतरेल काय?

हा प्रश्न ग्राहक अनेकदा विचारतात. आकडेच उत्तर देतील. ५००० मिलिअँपिअर-तासांच्या मोबाईल बॅटरीत सुमारे १९ वॅट-तास ऊर्जा मावते. वाटेतील घट धरून २५ समजू. लहान पेट्रोल मोटारीची ३५ अँपिअर-तासांची बॅटरी सुमारे ४२० वॅट-तास साठवते. म्हणजे इंजिन बंद असताना मोबाईल एकदा पूर्ण भरला तरी मोटारीच्या साठ्याचा सोळावा-सतरावा हिस्साच खर्च होतो. इंजिन चालू असताना तर ही भर सतत होत असते.

तरीही सावधगिरी हवी. काही मोटारींत किल्ली काढल्यावरही खोबणीत वीज चालू राहते. मोटार आठवडेच्या आठवडे उभी राहणार असेल तर चार्जर काढून ठेवावा. बॅटरी जुनी, थकलेली असेल तर थोडा भारही तिला जड जातो.

खरा शत्रू उष्णता

मोबाईलमधील लिथियम-आयन बॅटरीच्या संशोधनाला २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. ही गुणी बॅटरी एका गोष्टीपुढे मात्र हतबल आहे, ती म्हणजे उष्णता. उदाहरणार्थ, ॲपल कंपनी आपला मोबाईल वापरताना सभोवतालचे तापमान ० ते ३५ अंश सेल्सिअसच्या दरम्यान असावे, असे सुचवते. विदर्भ, माळवा, तेलंगण अथवा राजस्थान येथील वैशाखात ही मर्यादा सावलीतही ओलांडली जाते. काचेमागे, भर उन्हात डॅशबोर्डवर ठेवलेल्या मोबाईलची अवस्था काय होत असेल, याची कल्पना करावी. तापलेला मोबाईल स्वतःच चार्जिंग मंदावतो वा थांबवतो. वारंवार तापल्याने बॅटरीची साठवणक्षमता कायमची घटते.

म्हणून मोबाईल धरणारा स्टँड उन्हाच्या झोतापासून दूर आणि नजरेच्या आड न येणाऱ्या जागी बसवावा. तारेविना चार्जिंग करणारी चकती सोयीची असली तरी तिच्यात विजेची घट अधिक आणि ती उष्णतेच्याच रूपाने बाहेर पडते, हे ध्यानात असू द्यावे. उन्हात उभ्या केलेल्या मोटारीत मोबाईल किंवा पॉवर बँक कधीही ठेवू नये.

माहितीची वाट

आता दुसरा प्रवाह, माहितीचा. मोबाईल मोटारीशी मुख्यतः तीन मार्गांनी जोडला जातो. पहिला ब्लूटूथ. दहाव्या शतकातील हॅराल्ड ब्लूटूथ या डॅनिश राजाचे नाव या तंत्राला मिळाले आहे. ब्लूटूथवरून संभाषण आणि गाणी जातात. परवानगी दिल्यास संपर्कसूची, कॉलची नोंद आणि संदेशही जातात. दुसरा मार्ग केबलचा. ॲपल कारप्ले आणि अँड्रॉइड ऑटो या २०१४ मध्ये जाहीर झालेल्या प्रणाली मोबाईलमधील नकाशा, संदेश आणि गाणी मोटारीच्या पडद्यावर आणतात. तिसरा मार्ग याच प्रणालींचा तारेविना प्रकार. त्यात ओळख ब्लूटूथवरून पटते आणि पुढील काम वाय-फायवर चालते.

पहिल्या जोडणीच्या वेळी मोबाईल प्रश्न विचारतो: संपर्क आणि कॉलची नोंद मोटारीला द्यावयाची काय? घाईत आपण 'होय' म्हणतो. स्वतःच्या मोटारीत हे सोयीचे आहे. परंतु भाड्याच्या, कार्यालयाच्या अथवा मित्राच्या मोटारीत त्याची गरज नसते. गाणी आणि संभाषण त्या परवानगीवाचूनही चालते. केवळ वीज हवी असेल तर मोटारीच्या यूएसबीऐवजी खोबणीतला आपला स्वतःचा चार्जर वापरणे हा सर्वांत निर्धोक मार्ग होय. तो वीज देतो, माहिती घेत नाही.

हा उपदेश कोरडा नाही. भारतीय रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'बी(अ)वेअर' या पुस्तिकेत चार्जिंगच्या जोडणीतून माहिती चोरण्याच्या प्रकाराबद्दल सावध केले आहे. अनोळखी केबल आणि सार्वजनिक यूएसबी जोडणी टाळणे हे पैशाचे पाकीट सांभाळण्याइतकेच आवश्यक आहे. आणखी एक बाब. अनेक मोटारी आलेले संदेश ध्वनिक्षेपकावरून मोठ्याने वाचून दाखवतात. मोटारीत परकी माणसे असताना बँकेचा एकवेळचा संकेतांक असा उच्चारला जावा, हे कोणासही रुचणार नाही. संदेश वाचून दाखवण्याची सोय बंद ठेवता येते. ती बंद ठेवावी.

मोटार परत करताना किंवा विकताना दोन्ही बाजूंनी जोडणी तोडावी. मोटारीच्या पडद्यावरून आपल्या मोबाईलचे नाव पुसावे आणि मोबाईलमधून मोटारीचे. विक्रीच्या वेळी तर मोटारीची प्रणाली मूळ स्थितीत आणणारा पर्याय वापरावा. त्याने नोंदलेले घराचे ठिकाण आणि जुने मुक्कामही जातात. फास्टॅग ज्या बँकेने दिला तिला कळवून तो बंद करावा, अन्यथा नव्या मालकाच्या प्रवासाचा पथकर आपल्या खात्यातून जात राहील.

कायदा आणि जीव

मोटार वाहन (सुधारणा) कायदा, २०१९ अन्वये वाहन चालवताना हाती धरलेला मोबाईल वापरणे हे कलम १८४ मधील धोकादायक वाहनचालन ठरते. पहिल्या अपराधास एक हजार ते पाच हजार रुपये दंड, किंवा सहा महिने ते एक वर्ष कारावास, किंवा दोन्ही होऊ शकतात. १ ऑक्टोबर २०२० पासून अमलात आलेल्या नियमदुरुस्तीने केवळ मार्गदर्शनासाठी, आणि चालकाचे चित्त विचलित होणार नाही अशा रीतीने, मोबाईल वापरण्यास मुभा दिली आहे.

दंडापेक्षाही एक साधा गुणाकार अधिक बोलका आहे. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार एका सेकंदात साडेसोळा मीटरहून अधिक अंतर कापते. तीन सेकंद पडद्याकडे पाहिले तर जवळजवळ पन्नास मीटर आपण डोळे मिटून गेलो, असाच त्याचा अर्थ. म्हणून मुक्कामाचे ठिकाण निघण्यापूर्वी भरावे आणि फास्टॅगमधील शिल्लक घरीच पाहून घ्यावी. बँकेच्या नावाने वाटेत कोणाचाही दूरध्वनी आला, तो कितीही निकडीचा भासवला गेला, तरी मोटार सुरक्षित जागी उभी करूनच पुढचा विचार करावा. गडबडीत सापडलेला ग्राहक हाच फसवणूक करणाऱ्याचा आवडता ग्राहक असतो.

धुळ्यात बारा व्होल्टचा चार्जर विकत घेतला आणि नाशिक गाठले तेव्हा बॅटरी नव्वद टक्क्यांच्या वर होती. परतल्यावर इंदूरला मोटार स्वाधीन करताना तेथील कर्मचाऱ्याला ती यादी दाखवली. त्याला याची कल्पनाच नव्हती. त्याच्या समक्ष आम्ही आठही नावे पुसली. आठवे अर्थातच माझे होते.