फितीच्या शेवटी उरलेले गाणे

खंडाळा, शिरवळ, लोणंद या परिसरातील अनेक घरांच्या माळ्यावर आजही जुन्या कॅसेटचा एखादा डबा सापडतो. भजनी मंडळाचा सप्ताह, जत्रेतील कार्यक्रम, घरचे लग्न, गायनवृंदाची तालीम असे बरेच काही त्यात साठवलेले असते. कॅसेटच्या कागदावर लिहिलेली गाणी संपतात, तरीही फीत फिरत राहते आणि अचानक एक असे गाणे ऐकू येते, ज्याची कोठेही नोंद नाही. कोण गाते आहे, केव्हा गायले, यादीत ते का आले नाही, हे सांगणारे माणूस बहुधा घरात उरलेले नसते.

मोठ्या ध्वनिमुद्रण कंपन्यांच्या भांडारांतही हेच घडते. एखादा बँड अल्बम तयार करतो तेव्हा जेवढी गाणी मुद्रित होतात, तेवढी सगळी प्रसिद्ध होत नाहीत. काही मागे उरतात. 'उरलेले' म्हणजे 'टाकाऊ' असा आपला सर्वसाधारण समज असतो. तो कितपत खरा आहे? याचे उत्तर देणारे एक उदाहरण आपल्या मुंबईतच घडले आहे.

फिरोजशहा मेहता मार्गावरील स्टुडिओ

जानेवारी १९६८ मध्ये बीटल्स या जगप्रसिद्ध इंग्लिश बँडमधील जॉर्ज हॅरिसन मुंबईत आले. जो मॅसॉट यांनी दिग्दर्शित केलेल्या 'वंडरवॉल' या चित्रपटाचे संगीत त्यांच्याकडे होते. त्यातील काही भाग लंडनमध्ये मुद्रित झाला होता आणि भारतीय वाद्यांचा भाग त्यांना येथील कलावंतांकडून वाजवून घ्यावयाचा होता. फोर्ट भागातील फिरोजशहा मेहता मार्गावर एच. एम. व्ही. कंपनीचा स्टुडिओ होता. तेथे काही दिवस हे काम चालले.

हॅरिसन यांनी पुढे सांगितलेल्या आठवणींनुसार या स्टुडिओत बाहेरचा आवाज रोखण्याची पुरेशी सोय नव्हती. कचेऱ्या सुटल्या की जिन्यावरून उतरणाऱ्या पावलांचा आवाज आत येई आणि ध्वनिमुद्रण थांबवावे लागे. दोन मार्गिकांचे स्टिरिओ यंत्रही तेथे नव्हते. कंपनीचे अधिकारी भास्कर मेनन यांनी ते कोलकात्याहून आणवले. संतूरवर शिवकुमार शर्मा आणि बासरीवर हरिप्रसाद चौरसिया यांच्यासारखे, पुढे कीर्तीच्या शिखरावर पोहोचलेले कलावंत या कामात होते. त्यांच्याबरोबर सतार, शहनाई, तारशहनाई, सूरबहार, हार्मोनियम व तबला वाजवणारे इतर कलावंतही होते.

चित्रपटाचे काम ठरल्यापेक्षा लवकर आटोपले. उरलेल्या वेळात हॅरिसन यांनी आणखी काही रचना वाजवून घेतल्या. आपली कथा या उरलेल्या वेळाची आणि त्याच कामातून मागे राहिलेल्या गाण्यांची आहे.

तीन गाणी, तीन प्राक्तने

पहिली रचना 'द इनर लाइट'. संस्कृतचे अभ्यासक आणि केंब्रिजमधील अध्यापक हुआन मास्कारो यांनी हॅरिसन यांना पत्र लिहून प्राचीन चिनी ग्रंथ 'ताओ ते चिंग' यातील एका अध्यायाला चाल लावण्याचे सुचवले होते. तिचे वाद्यसंगीत मुंबईत मुद्रित झाले आणि फेब्रुवारीत लंडनमध्ये त्यावर आवाज चढवला गेला. १५ मार्च १९६८ रोजी बीटल्सच्या 'लेडी मॅडोना' या तबकडीच्या दुसऱ्या बाजूला ते गाणे प्रसिद्ध झाले. बीटल्सच्या एकेरी तबकडीवर आलेले हॅरिसन यांचे हे पहिलेच गाणे. उरलेल्या वेळात जन्मलेली ही रचना अवघ्या दोन महिन्यांत जगभर पोहोचली.

दुसरे गाणे 'इन द फर्स्ट प्लेस'. याच चित्रपटासाठी लंडनमध्ये वाजवणाऱ्या 'द रेमो फोर' या लिव्हरपूलच्या बँडने ते मुद्रित केले होते. कॉलिन मॅनली आणि टोनी ॲश्टन हे त्याचे रचनाकार. दिग्दर्शकाला केवळ वाद्यसंगीत हवे आहे अशी हॅरिसन यांची समजूत होती, म्हणून त्यांनी हे गाणे मॅसॉट यांच्याकडे पाठवलेच नाही. नोव्हेंबर १९६८ मध्ये चित्रपटाच्या संगीताचा १९ तुकड्यांचा अल्बम निघाला, त्यातही ते नव्हते. सुमारे तीन दशकांनी चित्रपटाची नवी प्रत तयार करताना मॅसॉट यांनी हॅरिसन यांच्याकडे चौकशी केली, तेव्हा जुन्या फितींत ते सापडले. १९९९ मध्ये, म्हणजे ३१ वर्षांनी, ते प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी मॅनली यांचे निधन झाले.

तिसरा प्रकार मुंबईच्या फितींचा. 'ऑलमोस्ट शंकरा' ही रचना आणि 'द इनर लाइट'च्या वाद्यसंगीताचे एक वेगळे वादन या गोष्टी २०१४ मध्ये, त्या अल्बमच्या नव्या आवृत्तीत प्रथमच लोकांसमोर आल्या. मध्ये ४६ वर्षे गेली होती. हॅरिसन २००१ मध्येच हे जग सोडून गेले होते.

गाणे मागे का उरते?

या तिन्ही उदाहरणांत गाण्याचा दर्जा हे मागे राहण्याचे मुख्य कारण दिसत नाही. लाँग प्ले तबकडीच्या एका बाजूवर साधारण वीस ते पंचवीस मिनिटांचे संगीत नीट बसते. त्यामुळे निवड करावीच लागते. कधी गाणे चांगले असूनही अल्बमच्या सुरात बसत नाही. कधी त्याच गाण्याचे दुसरे वादन अधिक जमलेले असते. कधी, 'इन द फर्स्ट प्लेस'च्या बाबतीत झाले तसा, केवळ गैरसमज होतो.

कधी अडचण तांत्रिकही असते. जॉन लेनन यांनी १९७०च्या दशकात घरी कॅसेटवर गायिलेले 'नाऊ अँड देन' हे गाणे उरलेल्या तिघा बीटल्सनी १९९५ मध्ये पूर्ण करण्याचा प्रयत्न करून सोडून दिले होते. पियानोच्या आवाजात मूळ स्वर गुंतून गेला होता. संगणकाच्या साहाय्याने स्वर वेगळा काढणे शक्य झाले आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये ते गाणे प्रसिद्ध झाले. कॅसेट जपली गेली नसती, तर संगणक काय करणार होता?

म्हणजे उरलेल्या गाण्याचे भवितव्य पुष्कळदा ते सांभाळणाऱ्यावर अवलंबून असते.

फीत आणि नाव

सांभाळायच्या गोष्टी दोन आहेत. पहिली फीत. ध्वनिफीत म्हणजे प्लॅस्टिकच्या पातळ पट्टीवर चिकटद्रव्याने बसवलेले लोहाच्या ऑक्साइडचे सूक्ष्म कण. दमट हवेत हे चिकटद्रव्य पाणी शोषून मऊ होते, कण सुटू लागतात आणि फितीवर बुरशी धरते. आपल्याकडील पावसाळ्याचे चार महिने फितीला मोठे घातक असतात.

दुसरी गोष्ट नाव, आणि ती अधिक नाजूक आहे. बासरी व संतूर वाजवणाऱ्यांची नावे आज सर्वांना ठाऊक आहेत. परंतु शहनाई वाजवणाऱ्या शरद व हनुमान यांचे आडनाव अल्बमच्या श्रेयनामावलीत 'जादेव' असे छापले गेले. मराठी कानाला ते 'जाधव' असावे असे सहज वाटते, परंतु जगभर ती चुकीची वाटणारी अक्षरेच प्रमाण ठरली. भारतीय कायद्याने वादक-गायकांना त्यांच्या सादरीकरणाबद्दल स्वतंत्र हक्क १९९४ मध्ये दिला आणि व्यापारी वापरातील स्वामित्वधनाचा वाटा २०१२ च्या दुरुस्तीने दिला. १९६८ मध्ये यांपैकी काहीच नव्हते. अशा काळातील कलावंताजवळ पुष्कळदा नावाखेरीज दुसरी मिळकत उरत नाही. तेही चुकले, तर त्याचे काय उरले?

आपल्या घरातील डबा

प्रत्येक उरलेले गाणे प्रसिद्ध झालेच पाहिजे असे मात्र नाही. जे कलावंताने स्वतः बाजूला ठेवले, ते बाहेर आणताना त्याची किंवा त्याच्या कुटुंबाची संमती घेणे हा साधा न्याय आहे. प्रसिद्ध करणे ऐच्छिक असू शकते, जपून ठेवणे ऐच्छिक नाही.

म्हणून माळ्यावरील डबा खाली काढावा. बुरशी धरलेली कॅसेट लगेच वाजवू नये, प्रथम जाणकाराला दाखवावी. कॅसेटच्या कडेवरील दोन छोट्या चकत्या मोडून टाकाव्यात, म्हणजे चुकून त्यावर दुसरे काही मुद्रित होणार नाही. कोरड्या जागी, ध्वनिवर्धकासारख्या चुंबक असलेल्या वस्तूंपासून दूर, कॅसेट उभ्या ठेवाव्यात. संगणकावर प्रत करून घेतली तरी मूळ फीत फेकू नये.

आणि सर्वांत आधी, घरातील वडीलधाऱ्यांजवळ बसून ती एकदा ऐकावी. पेटीवर कोण, मृदंगावर कोण, मागून साथ देणारा तो कोवळा आवाज कोणाचा, हे त्यांना विचारून लिहून ठेवावे. फिरोजशहा मेहता मार्गावरील त्या फिती ४६ वर्षे थांबू शकल्या. आपल्या घरी ही नावे ठाऊक असलेली माणसे तेवढी थांबणार नाहीत.