पित्ताशयाचा कर्करोग : निदानानंतरची वाटचाल

पित्ताशय यकृताच्या उजव्या भागाखाली चिकटलेले असते. त्यात जेमतेम ३० ते ५० मिलिलिटर पित्त मावते. आतड्याच्या भिंतीत अस्तर आणि स्नायू यांच्यामध्ये ऊतींचा एक जादा थर असतो, तो पित्ताशयाच्या पातळ भिंतीत नसतो. यकृताला टेकलेल्या बाजूला तर बाहेरचे आवरणही नसते. त्यामुळे अस्तरात सुरू झालेल्या कर्करोगाला यकृत, पित्तनलिका किंवा जवळच्या लसिकाग्रंथी गाठायला फार दूर जावे लागत नाही. शस्त्रक्रिया कुणाची आणि किती मोठी, कावीळ कधी होणार, केमोथेरपी आधी की नंतर, या सगळ्यांची उत्तरे याच रचनेत दडलेली असतात.

हा आजार जगभर सारखा पसरलेला नाही. चिली आणि बोलिव्हिया यांच्याबरोबर उत्तर भारतातला गंगेचा पट्टा आणि आसाम इथे तो जास्त आढळतो. महाराष्ट्र आणि दक्षिण भारतात त्याचे प्रमाण बरेच कमी आहे. स्त्रियांमध्ये तो पुरुषांपेक्षा दुपटीहून अधिक दिसतो. बहुतेक रुग्णांच्या पित्ताशयात वर्षानुवर्षांचे खडे असतात. मात्र खडे असणाऱ्या फारच थोड्यांना कर्करोग होतो. विषमज्वराच्या जंतूंचे पित्ताशयात दीर्घकाळ राहणे आणि भूजलातले आर्सेनिक यांच्याशीही त्याचा संबंध जोडला गेला आहे. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात बिहार, उत्तर प्रदेश आणि आसाममधून येणाऱ्यांत या आजाराचे रुग्ण असतात. वाराणसीत टाटा स्मारक केंद्राचे रुग्णालय २०१९ पासून सुरू आहे, तरी मुंबईची वाट धरणारे अजून पुष्कळ आहेत.

निदान साधारण दोन वाटांनी होते. पहिली वाट अनपेक्षित. खड्यांसाठी दुर्बिणीतून पित्ताशय काढले जाते, रुग्ण दोन दिवसांत घरी जातो, आणि काढलेला अवयव सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्यावर त्यात कर्करोग सापडतो. अशा शंभर शस्त्रक्रियांत साधारण एखादीच, बहुधा त्याहूनही कमी. पण तपासायला पाठवलेल्या अवयवाचा अहवाल यायला काही दिवस लागतात. तोवर टाके निघालेले असतात, पोटदुखी थांबलेली असते आणि तो कागद आणायला कुणी जात नाही. काही लहान रुग्णालयांत तर अवयव नातेवाइकांना दाखवून टाकून दिला जातो, खडे मात्र डबीत घालून घरी दिले जातात. न आणलेला अहवाल हे या आजारातले सर्वांत स्वस्तात टळणारे नुकसान आहे.

अहवालात वाचायची मुख्य गोष्ट म्हणजे कर्करोग भिंतीत किती खोल गेला आहे. तो फक्त अस्तरापुरता असेल आणि पित्ताशय न फुटता पूर्ण निघाले असेल, तर झालेली शस्त्रक्रिया बहुधा पुरेशी ठरते आणि पुढचे भवितव्य फार चांगले असते. स्नायूच्या थरापर्यंत किंवा त्यापलीकडे गेला असेल, तर दुसरी, मोठी शस्त्रक्रिया सुचवली जाते. दुसऱ्या रुग्णालयात जाताना अहवालाची प्रत पुरत नाही. मेणात जतन केलेले ऊतींचे तुकडे आणि काचा, म्हणजे ‘ब्लॉक आणि स्लाइड’, पहिल्या प्रयोगशाळेतून मागून न्याव्या लागतात. नव्या ठिकाणचे तज्ज्ञ त्या पुन्हा तपासतात. पहिल्या शस्त्रक्रियेचा तपशीलही हवा असतो. पित्ताशय फुटून पित्त पोटात सांडले होते का, अवयव पिशवीत घालून काढला होता का, या दोन प्रश्नांची उत्तरे पुढच्या सर्जनला लागतात.

दुसरी वाट कावीळीची. गाठ पित्तनलिकेवर दाब आणते किंवा तिच्यात शिरते, पित्ताचा मार्ग अडतो. लघवी गडद होते, शौच पांढुरके होते, डोळे पिवळे पडतात आणि अंगावर पुरळ नसताना खाज सुटते. रात्री ती झोपू देत नाही. पुष्कळ घरांत या टप्प्यावर हळद आणि तेल बंद होते, आणि कावीळ उतरवणाऱ्याकडे फेऱ्या सुरू होतात. चुन्याच्या पाण्याने हात धुतले की पाणी पिवळे होते आणि कावीळ उतरल्याची खात्री पटते. विषाणूमुळे झालेली कावीळ बऱ्याचदा आपोआप ओसरते, त्यामुळे उतरवणाऱ्याचे नाव राहते. अडथळ्याची कावीळ अशी ओसरत नाही. पांढुरके शौच, खाज आणि घटते वजन एकत्र दिसले, की सोनोग्राफी त्याच आठवड्यात व्हावी.

सोनोग्राफीनंतर सीटी स्कॅन, गरजेनुसार एमआरआय आणि पेट स्कॅन होतात. रक्तातली सीए १९-९ ही खूण तपासली जाते, पण नुसत्या कावीळीनेही ती वाढते. तिचा एकटा आकडा वाचून घाबरण्यात किंवा निर्धास्त होण्यात अर्थ नसतो. जुनी सूज कधी कधी स्कॅनमध्ये हुबेहूब कर्करोगासारखी दिसते. शस्त्रक्रिया शक्य नाही असे ठरले, तर केमोथेरपीआधी सुईने तुकडा काढून खात्री केली जाते. शस्त्रक्रिया शक्य असेल तर बहुधा सुई टाळली जाते. या फरकाचे कारण नातेवाइकांना कुणी सांगत नाही, आणि मग ‘तपासणी न करताच ऑपरेशन’ अशी शंका बळावते. सुईच्या वाटेने पेशी पसरण्याची भीती असते आणि अवयव तर काढायचाच असतो, एवढेच ते कारण.

मोठ्या शस्त्रक्रियेत पित्ताशय, त्याला लागून असलेला यकृताचा दोन-तीन सेंटिमीटरचा भाग आणि यकृताकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्यांभोवतीच्या लसिकाग्रंथी काढल्या जातात. किमान सहा ग्रंथी तपासायला मिळाव्यात अशी अपेक्षा असते. अनेक केंद्रांत आधी दुर्बिणीने पोटात पाहिले जाते. पोटाच्या पडद्यावर किंवा यकृतावर स्कॅनमध्ये न दिसलेले कण आढळले, तर मोठी चीर टळते. सर्जनने पोट उघडून, किंवा दुर्बिणीतून पाहून, पुढे काही न करता बंद केले, हे वाक्य कुटुंबाला फसवणुकीसारखे ऐकू येते. शस्त्रक्रियेआधी ही शक्यता स्पष्ट सांगितलेली असली, तर पुढचे आठवडे सोपे जातात.

शस्त्रक्रियेनंतरचा पहिला आठवडा कष्टाचा असतो. उजव्या बरगडीखालची चीर श्वास घेताना दुखते म्हणून रुग्ण उथळ श्वास घेतो, आणि उथळ श्वासाने फुफ्फुसाचा तळ मिटतो. त्यासाठीच तीन चेंडूंचे ते प्लास्टिकचे यंत्र हातात दिले जाते. जागेपणी दर तासाला आठ-दहा वेळा चेंडू वर ओढायचे, खोकताना चिरेवर उशी दाबून धरायची. दुसऱ्या दिवशी खुर्चीत बसणे आणि वॉर्डात चार पावले टाकणे सुरू होते. आराम हवा म्हणून रुग्णाला निजवून ठेवणारे प्रेमळ नातेवाईक या दिवसांत परिचारिकांची डोकेदुखी असतात. पोटातल्या नळीतून येणारे पाणी आधी लालसर, मग फिकट होत जाते. ते पिवळे-हिरवे झाले तर यकृताच्या कापलेल्या पृष्ठावरून किंवा नलिकेतून पित्त गळत असण्याची शक्यता असते. अशी गळती बहुधा नळी ठेवून, वाट पाहून थांबते. पायांच्या शिरांत गुठळी होऊ नये म्हणून पोटाच्या कातडीखाली द्यायचे इंजेक्शन काही रुग्णांना घरी गेल्यावरही सुमारे चार आठवडे चालू ठेवतात. सहा आठवडे जड उचलायचे नसते. पाण्याची कळशी आणि नातवंडे, दोन्ही त्यात आले.

पित्ताशय नसल्यावर पित्त साठत नाही, सतत आतड्यात झिरपते. बहुतेकांना याने काही त्रास होत नाही. काहींना जेवणानंतर लगेच पातळ शौच होते, आणि त्यावर औषध असते. आहाराबाबतचा मोठा धोका उलट दिशेने येतो. कावीळीच्या दिवसांत बंद केलेले तेल, तूप, अंडी, डाळ पुढे महिनोन्‌महिने बंदच राहतात, आणि रुग्ण भाताच्या पेजेवर वजन गमावत जातो. कापलेले यकृत भरून यायला आणि केमोथेरपी सोसायला प्रथिने लागतात. मुगाचे धिरडे, घट्ट वरण, अंडे, मासे, दही, पनीर, शेंगदाण्याची चटणी, जे चालेल ते थोडे थोडे, दिवसातून पाच-सहा वेळा द्यावे लागते. आठवड्यातून एकदा, त्याच काट्यावर वजन करून वहीत लिहिणे हे घरातले सर्वांत उपयोगी काम. केमोथेरपीची मात्रा उंची-वजनावरून ठरते.

ज्यांची कावीळ अडथळ्याची आहे त्यांना आधी पित्ताला वाट काढून द्यावी लागते. तोंडावाटे दुर्बीण घालून नलिकेत स्टेंट, म्हणजे वाट उघडी ठेवणारी छोटी नळी, बसवतात. प्लास्टिकचा स्टेंट साधारण तीन महिन्यांत तुंबू लागतो, धातूचा अधिक टिकतो. अडथळा उंचावर, यकृताच्या तोंडाशी असेल तर बरगड्यांमधून त्वचेवाटे नळी घालून पित्त बाहेरच्या पिशवीत घेतात. या पिशवीबरोबर राहणे शिकावे लागते. रोज ठरलेल्या वेळी पिशवी रिकामी करून मोजमाप लिहायचे, रंग पाहायचा, ड्रेसिंग कोरडे ठेवायचे, झोपेत नळीला ताण येणार नाही अशी ती बांधायची. दिवसाला अर्धा लिटर किंवा त्याहून अधिक पित्त बाहेर पडत असेल तर त्याबरोबर पाणी आणि मीठही जाते. थकवा आणि चक्कर यांचे मूळ पुष्कळदा तिथे सापडते. नळीतून येणे एकाएकी थांबले, पित्त ड्रेसिंगमधून बाजूने येऊ लागले, किंवा हुडहुडी भरून ताप आला, तर ती रात्र काढण्याची बाब नव्हे. तुंबलेल्या पित्तातला जंतुसंसर्ग काही तासांत रक्तात पसरू शकतो. कावीळ आणणाऱ्या बिलिरुबिनचे प्रमाण पुरेसे उतरायला काही आठवडे लागतात आणि तोवर केमोथेरपी थांबते. ‘आजार वाढतोय आणि हे नुसते कावीळीमागे लागलेत’ ही कुटुंबाची तक्रार समजण्यासारखी आहे. पण कावीळ असलेल्या शरीराला ती औषधे झेपत नाहीत.

यशस्वी शस्त्रक्रियेनंतर बहुधा कॅपेसिटाबिनच्या गोळ्या दिल्या जातात. ब्रिटनमधल्या बिलकॅप या चाचणीचे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाल्यापासून ही पद्धत रूढ झाली. १४ दिवस गोळ्या, ७ दिवस सुट्टी, असे आठ फेरे, म्हणजे जवळपास सहा महिने. गोळी जेवणानंतर अर्ध्या तासाच्या आत घ्यायची असते. गोळी घरी घ्यायची असल्याने ती सौम्य असावी असा समज होतो. प्रत्यक्षात तळहात-तळपाय लाल होतात, सोलतात, भेगा पडतात. भाकरी थापणारीला, गरम भांडी धरणारीला आणि घट्ट चप्पल घालून चालणाऱ्याला याचा जाच जास्त. दिल्लीच्या एम्समध्ये झालेल्या, २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत हातांना डायक्लोफिनॅकचे साधे मलम नियमित लावल्याने मध्यम ते तीव्र स्वरूपाचा हा त्रास १५ टक्क्यांवरून सुमारे ४ टक्क्यांवर आला. सांधेदुखीसाठी घरोघरी असणारेच हे औषध, मात्र ते डॉक्टरांना विचारूनच लावायचे. दिवसातून चार किंवा अधिक वेळा जास्तीचे जुलाब झाले तर गोळ्या थांबवून फोन करायचा असतो. फेरा पूर्ण करण्याच्या जिद्दीने गोळ्या रेटणे इथे महाग पडते.

पसरलेल्या आजारात जेमसिटाबिन आणि सिसप्लाटिन ही जोडी शिरेवाटे देतात. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत या जोडीने मध्यम आयुर्मान ८.१ वरून ११.७ महिन्यांवर गेले. त्याच वर्षी एम्सच्या एका छोट्या चाचणीने केवळ पित्ताशयाच्या, शस्त्रक्रिया अशक्य असलेल्या कर्करोगात केमोथेरपीचा फायदा दाखवला होता. अलीकडे जेमसिटाबिन-सिसप्लाटिनच्या जोडीसोबत ड्युरव्हालुमॅब किंवा पेम्ब्रोलिझुमॅब ही प्रतिकारशक्ती चेतवणारी औषधे जोडतात. त्यांनी होणारी वाढ मोजकी आणि किंमत मात्र बहुतेक घरांच्या आवाक्याबाहेरची असते. जमीन विकण्याआधी हा हिशेब डॉक्टरांकडून आकड्यांत मागावा. गाठीची एचईआर-२ या प्रथिनासाठी तपासणी झाली आहे का, हेही विचारावे. काही रुग्णांत ती सकारात्मक येते आणि वेगळे औषध खुले होते. केमोनंतर एक-दोन आठवड्यांत रक्तपेशींचे ‘काउंट’ खाली जातात. त्या काळात १००.४ फॅरनहाइटचा ताप पॅरासिटामॉल घेऊन दडपायचा नसतो, थेट रुग्णालय गाठायचे असते. म्हणून साधा थर्मामीटर या घरात औषधांइतकाच गरजेचा.

खर्चाचा आणि प्रवासाचा भार आजाराइतकाच थकवतो. महाराष्ट्रात महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत यांतून कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळते. उपचारांसाठी जाणाऱ्या कर्करोगाच्या रुग्णाला रेल्वेत स्लीपर आणि थ्री टियर एसीचे भाडे माफ असते. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा रुग्ण आणि नातेवाइकांना आसरा देते. या सगळ्याची कागदपत्रे रुग्णालयातला समाजसेवा विभाग करून देतो. तिथे पहिल्याच आठवड्यात जायचे असते, पैसे संपल्यावर नव्हे.

रुग्णापासून निदान लपवण्याची चाल अजून आहे, विशेषतः रुग्ण घरातली बाई असेल तर. ‘गाठ होती, काढली’ एवढे सांगून तिला केमोच्या खुर्चीत बसवले जाते. शेजारच्या खुर्चीवरून तिला सगळे कळतेच. मग तीही घरच्यांसाठी न कळल्याचे नाटक करते, आणि दुखते किती, भीती कसली, हे कुणालाच सांगत नाही.

उपचार संपल्यावर पहिली दोन वर्षे दर तीन-चार महिन्यांनी तपासणी, पुढे पाच वर्षांपर्यंत सहा महिन्यांनी. आजार परतणारच असेल तर बहुतेकदा पहिल्या दोन वर्षांत परततो, त्यामुळे प्रत्येक स्कॅनआधीचा आठवडा चिडचिडीचा आणि झोप उडवणारा असतो. अहवाल लगेच वाचून दाखवणारी भेट स्कॅनच्या दोन-तीन दिवसांत ठरवून घेतली, तर तो काळ आखूड होतो.

परतलेल्या किंवा आवरेनाशा झालेल्या आजारात वेदनाशामक उपचार अगदी शेवटासाठी राखून ठेवायचे नसतात. केमो चालू असतानाच ते सुरू केले तर भूक, झोप आणि हिंडणे-फिरणे टिकते. पोटाच्या मागे, पाठीत जाणाऱ्या वेदनेसाठी मज्जातंतूंच्या जाळ्यात इंजेक्शन देता येते. अमली पदार्थविषयक कायद्यात २०१४ मध्ये दुरुस्ती झाल्यावर मान्यताप्राप्त रुग्णालयांना मॉर्फिन ठेवणे सोपे झाले. मॉर्फिनची गोळी ठरल्या वेळी घ्यायची असते, दुखण्याची वाट पाहून नव्हे, आणि तिच्याबरोबर पहिल्या दिवसापासून रेचक द्यावे लागते. वांद्र्याचे शांती अवेदना सदन १९८६ पासून अशा रुग्णांना विनामूल्य ठेवून घेते, गोव्यातही त्याची शाखा आहे. पुण्यात वारजे इथे सिप्लाचे असेच केंद्र आहे. तिथे रुग्णासोबत राहणाऱ्या नातेवाइकालाही नळी, ड्रेसिंग आणि औषधांच्या वेळा शिकवून घरी पाठवतात.