तान्ह्याचे तळपाय काय सांगतात?

होटगी हें सोलापूरच्या दक्षिणेस असलेलें रेल्वेचें जंक्शन. येथूनच विजापूर-गदगकडे फांटा जातो. वैशाखांत या भागांतील पारा ४० अंशांच्या वर चढतो. अशा दिवसांत जन्मलेल्या बाळाचेहि तळवे निळसर व गार लागले, म्हणजे घरांतील वडील बायकांच्या उरांत धस्स होतें. लागलीच दारें-खिडक्या लावून शेगडी पेटविली जाते. हें भय कितपत योग्य, याचा आम्ही येथें विचार करणार आहों.

प्रौढाच्या त्वचेंत केशवाहिन्यांचीं वेटोळीं नीट रचलेलीं असतात. थंडींत त्वचेंतील रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, उकाड्यांत फुलतात, आणि शरीराची ऊब बेताची राहते. नवजात अर्भकांत मात्र तळहात, तळपाय व नखांखालचा भाग वगळतां हीं वेटोळीं जन्मतः तयार नसतात. तेथें नुसतें विस्कळित जाळें असतें, तें पुढील कांहीं आठवड्यांत आकारास येतें. शिवाय प्रौढ स्त्रीच्या १०० मिलिलिटर रक्तांत हिमोग्लोबिन साधारण १२ ते १५ ग्रॅम, तर नवजाताच्या रक्तांत १४ ते २० ग्रॅम असतें. म्हणून बाळ घटकेंत लालबुंद, घटकेंत चट्ट्याचट्ट्यांचें दिसतें.

दुसरी गोष्ट अशी, कीं वजनाच्या मानानें बाळाची त्वचा प्रौढाच्या सुमारें तिप्पट असते, आणि तें ओल्या अंगानें जन्मास येतें. त्यामुळें उन्हाळ्यांतहि त्याची ऊब झपाट्यानें जाते. त्यास आपल्यासारखें कुडकुडतां येत नाहीं. मान व खांद्यांमागील तपकिरी चरबी जाळून तें ऊब निर्माण करितें.

तेव्हां ओळखावयाचें कसें? पहिले एक-दोन दिवस हातपाय निळसर दिसले, पण ओठ व जीभ गुलाबी असली, तर भिऊं नये. ओठ-जीभच निळी असल्यास तत्काळ डॉक्टर गांठावा. हाताच्या मागल्या बाजूनें बाळाचें पोट व तळपाय चांचपावे. दोन्हीं उबदार असल्यास ठीक. पोट उबदार व पाय गार असल्यास बाळास थंडी बाधत आहे. दोन्हीं गार असल्यास विलंब न लावतां रुग्णालय गांठावें, व वाटेंत बाळ आईच्या छातीशीं उघड्या अंगानें धरून वर पांघरूण घालावें. उलट अंग तापलेलें लागल्यास दुपटीं कमी करावीं. तरीहि ताप न उतरल्यास तेंहि आजाराचें लक्षण समजावें.

बाळ जन्मतांच कोरडें पुसावें, टोपरें घालावें, व पहिली आंघोळ निदान २४ तास लांबवावी. बंद खोलींत कोळशाची शेगडी कदापि ठेवूं नये; तिचा विषारी वायु प्राणघातक ठरतो.

हे उपाय साधे म्हणून क्षुल्लक समजूं नयेत. गडचिरोली जिल्ह्यांत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनें गांवच्याच स्त्रियांस नवजाताची ऊब राखणें, स्तनपान व जंतुदोषावरील उपचार शिकविले. १९९९ सालीं ‘लॅन्सेट’मध्यें प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालाप्रमाणें तेथील नवजात-मृत्यूंचें प्रमाण ६२ टक्क्यांनीं घटलें. खेड्यांतील अल्पशिक्षित भगिनींनीं जें साधलें, तें आमच्या सुशिक्षित घरांत साधूं नये, असें कोणतेंच कारण आम्हांस दिसत नाहीं.