काका पवार: पटाविना घडलेली कारकीर्द

कंबरेखाली पकड नाही, पायाचा डाव नाही. ग्रीको-रोमनचा हा नियम ऐकून एखादा कुस्तीशौकीनही विचारेल, पटच काढायचा नाही, समोरच्याचे पाय धरून त्याला पाडायचेच नाही, तर ही कसली कुस्ती? काका पवारांची कारकीर्द हेच त्याचे उत्तर. लातूर जिल्ह्यातला, हरिश्चंद्र बिराजदारांच्या हाताखाली घडलेला हा मल्ल ग्रीको-रोमनमध्ये चमकला आणि १९९८ च्या अर्जुन पुरस्काराचा मानकरी ठरला. पुढे पुण्यात कात्रजला त्यांनी तालीम उभारली. त्यांचा शिष्य राहुल आवारे याने २०१८ मध्ये राष्ट्रकुल सुवर्ण, तर २०१९ मध्ये जागतिक कांस्य जिंकले. २०२० च्या महाराष्ट्र केसरीची अंतिम लढत खेळलेले हर्षवर्धन सदगीर आणि शैलेश शेळके हे दोघेही त्यांचेच पठ्ठे.

राहुलची पदके तर पट चालणाऱ्या फ्रीस्टाइलची, असा आक्षेप येईल. तो रास्तच आहे. पटाचा सराव वेगळा करावाच लागतो. पण मनगट धरून समोरच्याचा तोल मोडणे, काखेतून हात घालून कंबर बांधणे, धोबीपछाड मारणे दोन्हीकडे चालते. पटाला शिरण्याआधी हातांची झटापट जिंकावी लागते, आणि ग्रीको-रोमनचा मल्ल वर्षानुवर्षे तीच घोटवत असतो.