बारा पटींनी लहान पोर्शे!

जपानच्या शिझुओका शहरातली तामिया कंपनी गाड्यांच्या मॉडेलचे सुटे भाग विकते. जोडायचे आपण! १९७६ मध्ये तिने 'पोर्शे ९३४' या शर्यतीच्या गाडीचे १/१२ मापाचे मॉडेल काढले. म्हणजे खऱ्या गाडीचे १२ सेंटिमीटर, ते इथे १ सेंटिमीटर. माप चुकू नये म्हणून कंपनीच्या शुन्साकु तामिया यांनी चक्क खरी पोर्शे ९११ विकत घेतली आणि खोलून पाहिली!

आता जोडणी. भाग चौकटीतून ओढून तोडू नका; कटरने कापा, टोक पॉलिश पेपरने घासा. साबणाच्या पाण्याने धुऊन वाळवा. रंगाचे दोन-तीन पातळ हात द्या. पहिला वाळला की मगच दुसरा. घाईने जाड थर दिलात, तर रंग ओघळलाच म्हणून समजा! मॉडेलचा गोंद प्लॅस्टिक विरघळवून सांधा जोडतो, म्हणून थेंबभरच पुरे. गाडीच्या काचेला लागला, तर डाग जात नाही. रंग-गोंदाचा वास उग्र असतो. खिडकी उघडी हवी, आई-बाबा जवळ हवेत.

आणि पालकहो, मूल अडले की पटकन हातातून काढून घेऊ नका. वाकडे बसलेले चाक त्याचे त्यालाच सरळ करू द्या.