घरात की दारात? साक्षीचा शब्द न् शब्द जपणारे यंत्र

पुण्याच्या शिवाजीनगर न्यायालयात रोज कितीतरी माणसे साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभी राहतात. पाटील इस्टेट, ताडीवाला रोड, येरवडा, भवानी पेठ, दांडेकर पूल अशा वस्त्यांतून आलेल्या आपल्या आया-बहिणीही त्यांत असतात. कुणी धुण्याभांड्याची कामे सोडून आलेली असते, कुणाचा दिवसाचा रोज बुडालेला असतो. पिंजऱ्यात तास-दीड तास उभे राहून, उलटतपासणीचा मारा सोसून त्या खाली उतरतात आणि 'झाली बाई एकदाची साक्ष' म्हणून घरी जातात.

पण त्या जे बोलल्या त्याचे पुढे काय होते? ते कुठे राहते, कसे राहते आणि वरच्या कोर्टापर्यंत कोणत्या रूपात पोहोचते? न्यायालयातील ध्वनिमुद्रण आणि चित्रीकरण हा विषय वरवर यंत्राचा वाटतो. प्रत्यक्षात तो आपल्या माणसाच्या शब्दाला किती किंमत आहे, याचा विषय आहे.

कागदावर काय उरते?

सत्र न्यायालयात साक्ष सुरू असते तेव्हा न्यायाधीश ऐकतात आणि सहसा लघुलेखकाला मजकूर सांगतात. लघुलेखक तो टाइप करतो. कायद्याने ही नोंद साधारणपणे निवेदनाच्या रूपात घ्यायची असते. प्रश्न-उत्तर जसेच्या तसे लिहायचे की नाही, हे न्यायाधीशांच्या मर्जीवर असते. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हेच होते आणि १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही हेच आहे.

म्हणजे होते काय? वकिलाने तीन वेळा आवाज चढवून प्रश्न विचारला, ताई गांगरली, मग सावरून म्हणाली, 'नाही साहेब, तसं नाही झालं.' कागदावर उतरते एवढेच : 'हे म्हणणे खरे नाही की...' वकिलाचा दरारा गेला, ताईचे रडणे गेले, तिचे सावरणेही गेले. साक्षीदाराच्या वागण्यावर न्यायाधीशांनी शेरा लिहावा अशी तरतूद कायद्यात आहे. पण एका ओळीच्या शेऱ्यात माणूस किती मावणार? पुढे अपील झाले की उच्च न्यायालयासमोर हा कागदच जातो. तिथल्या न्यायमूर्तींनी त्या बाईला पाहिलेले नसते, तिचा आवाज ऐकलेला नसतो.

शिवाय बोलीचा प्रश्न आहे. महाराष्ट्रात जिल्हा पातळीवरच्या न्यायालयांची भाषा मराठी आहे. पण आपली माणसे पुस्तकी मराठी बोलत नाहीत. कुणी मराठवाड्याचे, कुणी सोलापूरकडचे, कुणी विदर्भातून कामाला आलेले. ते बोलतात एक, आणि टाइप होते प्रमाण भाषेत.

एका शब्दावर उभा खटला

हे सगळे आपल्याला जास्त का बोचते, ते ॲट्रॉसिटीच्या खटल्यात कळते. अनुसूचित जाती आणि अनुसूचित जमाती (अत्याचार प्रतिबंध) अधिनियम १९८९ चा. त्यातील जातिवाचक अपमानाचा गुन्हा सिद्ध होण्यासाठी ती घटना लोकांच्या नजरेसमोर घडलेली असावी लागते. २००८ मध्ये स्वर्णसिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की घराबाहेरची जागा रस्त्यावरून किंवा गल्लीतून दिसत असेल, तर ती लोकांच्या नजरेतलीच जागा होय. २०२० मध्ये हितेश वर्मा खटल्यात त्याच न्यायालयाने म्हटले की चार भिंतींच्या आत, बाहेरचे कुणी हजर नसताना झालेला अपमान या कलमात बसत नाही.

आता समजा, साक्षीदार बाई म्हणाली, 'दारात येऊन बोलला.' वर पंखा घरघरतो आहे, बाहेर पुकारा चालू आहे. टाइप झाले, 'घरात येऊन बोलला.' एका शब्दाचा फरक! पण त्या फरकावर गुन्हा राहतो किंवा जातो. तसेच शिवीचे. आरोपीने नेमके कोणते शब्द उच्चारले, जातीचे नाव घेतले की नाही, हे महत्त्वाचे असते. बाईने ते शब्द मोठ्या कष्टाने, मान खाली घालून उच्चारलेले असतात, आणि कागदावर फक्त 'जातिवाचक शिवीगाळ केली' एवढे येते. अशा वेळी ध्वनिमुद्रण असेल तर वाद मिटवायला साधन असते. नसेल तर कागद म्हणेल तेच खरे.

कायद्याने दिलेला हक्क

बंधुभगिनींनो, ही सोय मागणे म्हणजे मेहेरबानी मागणे नव्हे. २६ जानेवारी २०१६ पासून ॲट्रॉसिटी कायद्यातील मोठी दुरुस्ती अमलात आली. तिने कलम १५-अ घातले. त्याचे १० वे उपकलम स्पष्ट आहे : या कायद्याखालील गुन्ह्यांच्या सर्व कामकाजाचे चित्रीकरण करण्यात यावे.

या कलमाची चर्चा महाराष्ट्रात गाजली ती २०१९ मध्ये. मुंबईच्या नायर रुग्णालयात पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या, तडवी भिल्ल समाजातील डॉ. पायल तडवी यांचा २२ मे २०१९ रोजी मृत्यू झाला. त्या खटल्यातील आरोपींच्या जामीनअर्जाची सुनावणी मुंबई उच्च न्यायालयात होती. सुनावणीचे चित्रीकरण व्हावे, अशी मागणी डॉ. पायल यांच्या आईच्या बाजूने झाली आणि जुलै २०१९ मध्ये न्यायालयाने तसे निर्देश दिले. जामिनाची सुनावणी 'कामकाजात' मोडते का, असा प्रश्न पुढे निघाला. २०२४ मध्ये उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने उत्तर दिले : मोडते, आणि तिचेही चित्रीकरण झालेच पाहिजे.

२०१६ चा कायदा आणि २०२४ चा खुलासा. मधली आठ वर्षे किती जामीन आणि किती साक्षी नुसत्या कागदावर राहिल्या असतील, याचा विचार वाचकांनी करावा.

टेपपासून हार्ड डिस्कपर्यंत

न्यायालय आणि यंत्र यांची ओळख जुनी आहे. १९६७ साली मुंबईच्या एका लाचेच्या प्रकरणात टेपवरचे संभाषण पुरावा म्हणून सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले. मात्र टेप पुसता येते, म्हणून असा पुरावा जपून घ्यावा असेही बजावले. २००३ मध्ये महाराष्ट्रातल्याच डॉ. प्रफुल्ल देसाई खटल्यात अमेरिकेतील डॉक्टरची साक्ष व्हिडिओ कॉन्फरन्सने घेता येते, असा निर्णय झाला. जालन्याच्या निवडणुकीवरून निघालेल्या अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल खटल्यात १४ जुलै २०२० रोजी ठरले की इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत पुराव्यात आणायची तर कायद्याने सांगितलेले प्रमाणपत्र जोडावेच लागेल. आताच्या भारतीय साक्ष अधिनियमात त्या प्रमाणपत्रात 'हॅश' नावाचा आकडाही द्यावा लागतो. हा त्या नोंदीचा अंगठ्याचा ठसाच समजा. नोंदीतील एक अक्षर जरी बदलले तरी ठसा जुळत नाही.

चांगली यंत्रणा म्हणजे काय?

कोर्टात एक कॅमेरा टांगला म्हणजे काम झाले, असे नाही. १४ एप्रिलला वस्तीतल्या गायन पार्टीचे कार्यक्रम ज्यांनी एकाच माइकवर टेप केले आहेत, त्यांना हे सांगायला नको. ढोलकी आणि पेटी जोरात येते, गायकाचा आवाज मागे पडतो. कोर्टातही तसेच. भिंतीवरच्या एका माइकमध्ये पंखा, खुर्च्यांचा आवाज आणि वकिलांची कुजबुज भरते. पिंजऱ्यातील हळू बोलणारी बाई ऐकूच येत नाही.

म्हणून साक्षीदार, न्यायाधीश, सरकारी वकील आणि बचावाचे वकील यांना निरनिराळे माइक हवेत आणि प्रत्येकाचा आवाज स्वतंत्र मार्गावर मुद्रित व्हायला हवा. मग दोघे एकदम बोलले तरी नंतर वेगवेगळे ऐकता येते. चित्रावर तारीख आणि वेळ उमटत राहावी. वीज गेली तर यंत्र बंद पडू नये म्हणून बॅटरीची सोय हवी. मुद्रण चालू आहे हे सर्वांना दिसावे म्हणून लाल दिवा असावा.

साठवणीचा हिशेबही फार अवघड नाही. साधारण चांगल्या प्रतीचे चित्रीकरण एका सेकंदाला २ मेगाबिट या दराने केले तर तासाला सुमारे ९०० मेगाबाइट होतात. दिवसाला पाच तास कामकाज धरले तर साडेचार गिगाबाइट. वर्षाचे २२० दिवस धरले तरी एका कोर्टाचे सगळे कामकाज साधारण एक टेराबाइटमध्ये बसते, म्हणजे खिशात मावणाऱ्या एका हार्ड डिस्कवर. पण डिस्क बिघडते. म्हणून प्रत्येक नोंदीच्या दोन प्रती हव्यात आणि त्या दोन वेगळ्या ठिकाणी हव्यात. अपील वर्षानुवर्षे चालते, तोवर त्या टिकल्या पाहिजेत. सप्टेंबर २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ई-कोर्ट योजनेच्या तिसऱ्या टप्प्यासाठी ७,२१० कोटी रुपये मंजूर केले. कागदमुक्त न्यायालयांच्या त्या योजनेत गरिबाच्या साक्षीचा माइकही बसला पाहिजे.

कॅमेऱ्याची धास्ती

एक शंका रास्त आहे. गावातल्या बड्या घराविरुद्ध साक्ष देणाऱ्याचे चित्र बाहेर गेले तर? इथे दोन गोष्टींची गल्लत होऊ नये. न्यायालयाचे थेट प्रक्षेपण वेगळे आणि खटल्याच्या नोंदीसाठी केलेले चित्रीकरण वेगळे. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्वप्नील त्रिपाठी खटल्यात थेट प्रक्षेपणाला तत्त्वतः मान्यता दिली, ती राष्ट्रीय आणि घटनात्मक महत्त्वाच्या प्रकरणांपासून सुरुवात करण्यासाठी. आपल्या ताईची साक्ष मोबाइलवर फिरावी असा त्याचा अर्थ नाही. अत्याचारग्रस्त आणि साक्षीदार यांना संरक्षण देणे ही कलम १५-अ नुसार सरकारची जबाबदारी आहे. ११ जानेवारी २०२२ रोजी स्मृती तुकाराम बडदे खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने असुरक्षित साक्षीदारांसाठी वेगळी साक्ष केंद्रे उभारण्याचे आदेश दिले. तिथे आरोपीच्या नजरेला नजर न देता साक्ष देता येते.

यंत्राने सगळे सुटेल असेही नाही. खर्ड्याच्या नितीन आगे हत्येच्या खटल्यात अनेक साक्षीदार फितूर झाले आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये सर्व आरोपी सुटले. फितुरीमागे भीती, पैसा आणि गावकीचा दाब असतो. त्यावर कॅमेरा हा उपाय नाही. पण दंडाधिकाऱ्यांसमोरचा सुरुवातीचा जबाब आवाज-चित्रासह नोंदला असेल, तर नंतर 'मी असे बोललोच नाही' म्हणणे सोपे राहत नाही.

आपण काय करावे?

ॲट्रॉसिटीचा खटला चालू असेल तर पहिल्याच तारखेला विशेष सरकारी वकिलांना विचारा : कलम १५-अ (१०) प्रमाणे चित्रीकरण होणार आहे का? नसेल तर लेखी अर्ज द्या आणि तो रोजनाम्यात नोंदला गेला का, ते पाहा. नुसते तोंडी सांगून भागत नाही.

साक्ष संपली की ती वाचून दाखवलीच पाहिजे, आपल्याला समजेल त्या भाषेत. घाई करू नका. 'दारात'चे 'घरात' झाले असेल तर तिथेच सांगा. न्यायाधीशांना ती हरकत नोंदवावी लागते. जामिनाच्या सुनावणीतही आपल्याला म्हणणे मांडण्याचा हक्क आहे. एफआयआरची प्रत मोफत मिळते. वकील, सामाजिक कार्यकर्ते, संस्था यांची मदत घेण्याचा हक्क त्याच कलमाने दिला आहे. वकील परवडत नसेल तर शिवाजीनगर न्यायालयातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. मेट्रोचे जिल्हा न्यायालय स्थानक जवळच आहे.

१९२६ साली पुण्याच्याच न्यायालयात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'देशाचे दुश्मन' खटल्यात जेधे-जवळकरांच्या बाजूने अपील लढवले आणि जिंकले. त्या दिवशीचा त्यांचा आवाज आज कुणालाही ऐकता येत नाही, कारण तेव्हा तशी सोय नव्हती. आज सोय आहे, कायदा आहे, पैसाही मंजूर झाला आहे. आता मागणाऱ्यांनी मागितले पाहिजे. मंडळाच्या पुढच्या बैठकीत हे कलम मोठ्याने वाचा आणि ज्यांच्या घरचा खटला चालू आहे, त्यांच्या हातात ते लिहून द्या.