भिंत फोडणारी भुरी, दारातून शिरणारा केवडा

दोस्तांनो, द्राक्षाचा घड समोर आला की लगेच तोंडात टाकू नका. आधी एका मण्यावरून बोट फिरवा. बोटाला पांढुरकं काहीतरी लागेल. पुष्कळांना वाटतं, ही औषधाची पावडर! कधीकधी फवारणीचे डाग असतातही, म्हणून द्राक्षं धुऊनच खायची. पण मण्यावरची ती एकसारखी पांढुरकी झाक म्हणजे द्राक्षानं स्वतः तयार केलेलं मेण. पानावरही मेणचट थर असतो. त्यावरून पाणी ओघळून जातं, आणि पाणी नसलं की बऱ्याच रोगजंतूंचं काही चालत नाही.

झाडाला पळता येत नाही. आपल्या रक्तात पांढऱ्या पेशी फिरतात, तशा त्याच्याकडे नाहीत. जिच्यावर हल्ला झाला त्या पेशीनंच लढायचं!

नाशिककडच्या बागायतदारांना द्राक्षाचे शत्रू विचारा. भुरी आणि केवडा ही दोन नावं हमखास येणार. भुरी ही बुरशी सरळ भिंत फोडते. तिचा कण पानाला चिकटतो आणि सुईसारखा कोंब आत खुपसतो. गंमत म्हणजे आतल्या पेशीला हे कळतं! ती नेमकी त्याच जागी आतून कॅलोज नावाच्या पदार्थाचं लिंपण घालू लागते. लिंपण वेळेत झालं तर सुई अडकते. उशीर झाला, की भुरी आत.

केवडा मात्र दारातून शिरतो. पानाच्या खालच्या बाजूला पर्णरंध्रं, म्हणजे अगदी बारीक छिद्रं असतात. पान ओलं असलं की केवड्याचे बीजाणू शेपट्या हलवत चक्क पोहत तिथं पोचतात. मग दारंच बंद ठेवली तर? पर्णरंध्रं मिटतात, पण कायमची मिटली तर कार्बन डायऑक्साइड कुठून येणार? पान उपाशी मरेल!

हे दोन्ही रोग मूळचे उत्तर अमेरिकेतले. तिथली बरीच रानद्राक्षं त्यांना दाद देत नाहीत. युरोपातल्या वेलींना मात्र त्यांची ओळखच नव्हती. भुरी १८४५ मध्ये इंग्लंडमध्ये दिसली, केवडा १८७८ मध्ये फ्रान्समध्ये, आणि मळेच्या मळे बसले. शेवटी १८८५ मध्ये मिलार्डे या फ्रेंच शास्त्रज्ञानं केवड्यावर मोरचूद आणि चुन्याचा उपाय जाहीर केला. तेच बोर्डो मिश्रण. आपलं थॉमसन सीडलेस त्या युरोपातल्या द्राक्षांच्याच जातीचं, म्हणून आपल्याकडेही फवारणी चुकत नाही.

आता सांगा बरं, केवड्यासाठी फवारताना पानाची खालची बाजूही का भिजवतात?